फुंकणीच्या पोटातली तीन वाक्यं

मी फुंकणी बोलतेय. हसू नका. हल्लीच्या पोरांना फुंकणी म्हणजे काय ते सांगावं लागतं, म्हणून सांगते. हातभर लांब लोखंडी नळी. एक तोंड बाईच्या ओठाला, दुसरं तोंड चुलीतल्या विस्तवाला. बाईनं जोर लावला की जाळ धरतो. एवढंच माझं काम.

आज मला घाई आहे. दारात भंगारवाल्याचा टेम्पो उभा आहे आणि मी भंगाराच्या ढिगात पडले आहे. ह्या घरातली एकवीस वर्षांची पोरगी, रेश्मा, सहा महिन्यांपासून वाळत चालली आहे. नगरच्या डॉक्टरांना तिच्या पोटात काही सापडलं नाही. सापडणार कसं? जे आहे ते माझ्या पोटात आहे. तीन माणसांची तीन वाक्यं. तिघांनी ती मला सांगितली, एकमेकांना सांगितली नाहीत. मी टेम्पोत गेले की ती वाक्यं पण गेली. मग ही पोरगी पण जाईल, असं मला वाटतं. म्हणून सगळं सांगून टाकते. मला स्वतःचा श्वास नाही, तरी सांगते.

माझा जन्म श्रीगोंद्याकडचा. साखर कारखान्यात भीमा नावाचा फिटर होता. हातपंपाच्या दुरुस्तीतून उरलेला पाइपाचा तुकडा त्यानं घरी आणला. लेकीचं, मनकर्णाचं, लग्न ठरलं होतं. बाकीची भांडीकुंडी बाजारातून आली. मला मात्र त्यानं स्वतः केलं. तीन संध्याकाळी दारात बसून कानशीनं माझं तोंड घासलं. बोट फिरवायचा, परत घासायचा. बायको म्हणाली, "फुंकनी हाय का सोन्याची नथ? किती घासाल?" त्यानं वर पाहिलं नाही.

पाठवणीच्या वेळी सगळे रडले. भीमा रडला नाही. मला लेकीच्या हातात देऊन एवढंच म्हणाला, "तोंड नीट घासलंय. ओठाला लागायचं न्हाई." आणि मंडपाचे बांबू मोजायला निघून गेला. त्या माणसाचं सगळं प्रेम माझ्या तोंडाच्या कडेला आहे, बोट लावलं तर अजून कळतं. पण त्याच्या लेकीला ते कळायला दहा वर्षं लागली. तोवर तो गेला होता.

बाप्ये असेच. आणि बायका वेगळ्या असतात असं कोणी म्हटलं तर मी त्याला चुलीपुढं बसवीन.

सुप्याच्या पलीकडं माळावर एक वस्ती आहे. एक घर, एक गोठा, कांद्याची चाळ आणि शेजारी दोन-चार घरं. तिथं मी मनकर्णाबरोबर आले. नवरा कानिफनाथ. शेती करायचा आणि सुप्याला कंपनीत पाळीनं जायचा. सासू गोजरबाई. तोंडाची फटकळ, पण मनानं वाईट नव्हती. हे आधीच सांगते, कारण पुढं तुम्ही तिच्यावर दात धराल.

घरात बाईला रडायला जागा नसते. न्हाणीत रडावं तर बादली भरायच्या आत हाक येते. गोठ्यात रडावं तर गाय हंबरून गाव गोळा करते. चुलीपुढं मात्र कोणी विचारत नाही. डोळ्यांत पाणी? धूर. नाक लाल? धूर. आवाज बसला? धूर. मनकर्णा पहिल्या महिन्यातच हे शिकली. कोणी शिकवावं लागत नाही.

एकदा गोजरबाईनं धरलंच तिला.

"काय गं मनकर्णे, डोळं का लाल?"

"धूर हाय आत्याबाई."

"चुलीतल्या तुऱ्हाट्या तर खडखडीत वाळल्यात."

"मग कांदा चिरला."

"कांदा अजून चाळीत हाय, माझे आई." सासूनं पदरानं कपाळ पुसलं. "बरं, फुंक. आमच्या घरातला धूर लई जुना हाय. मला बी त्यानंच रडावलं."

दोघी हसल्या. बघा, एवढ्या जवळ आल्या होत्या. सासूनं "का रडतीस?" असं एकदा विचारलं असतं तर सून बोलली असती. पण सासू उठून गेली आणि सुनेनं मला तोंडाला लावलं.

मनकर्णाला सवय लागली. फुंकता फुंकता ती माझ्यात बोलायची. "दोन वरसं झाली, माहेरी धाडलं न्हाई." फू. "मीठ कमी म्हनले. हातानं घ्यायला काय झालं?" फू. "नणंदेच्या पोराला मांडीवर घेत्यात, माझ्या पोरीला न्हाई." फू. शब्द आत शिरायचे, पलीकडं विस्तवात पडायचे, जाळ व्हायचा. ती उठायची तेव्हा तोंड हलकं झालेलं असायचं.

मला त्याचा गर्व होता. मला वाटायचं, मी ह्या बाईचं दुःख जाळते. चुकले. मी फक्त ते दुःख तिच्या माणसांपर्यंत पोचू दिलं नाही. ज्याला ऐकायचं होतं तो ओट्यावर बसून तंबाखू मळत होता, आणि ऐकत होते मी. लोखंडाला सांगून काय उपयोग?

पोरं दोन झाली. थोरली रेश्मा आणि तिच्या पाठीवर चार वर्षांनी समर्थ. रेश्मा त्याला सम्या म्हणायची. सम्या म्हणजे मुलखाचा बडबड्या. त्याच्या पोटात काही राहायचंच नाही. रडू आलं की रडायचा, राग आला की चुलीपुढं आडवा पडायचा, आणि दोन मिनिटांत भूक लागली म्हणून उठायचा. ह्या घरात तेवढा एकच शहाणा होता.

त्यानं माझा फोन केला. मी गार असले की एक टोक स्वतःच्या तोंडाला आणि दुसरं बहिणीच्या कानाला.

"हॅलो! कोन बोलतंय?"

"रेश्मा बोलतेय. आपण कोण?"

"मी सम्या. आज शाळेत बाईंनी मला मारलं."

"का?"

"मी त्यांना म्हनलो तुमचं पोट मोटं हाय."

मग आईच्या कानाला. "हॅलो आई, मला तुजा राग आलाय. ठेवतो." आणि खरंच मला खाली ठेवायचा. मनकर्णा पिठाच्या हातानं हसायची. बापाच्या कानाला लावलं की कानिफनाथ लाजायचा, "ठेव रं, काजळी लागती," म्हणायचा, पण कान बाजूला घ्यायचा नाही. माझ्या अख्ख्या जन्मात मी तेवढंच चांगलं काम केलं. खरं बोलणं एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडं नेलं.

दोन हजार चौदा साली कानिफनाथनं शेततळं केलं. मोठा खड्डा, आत काळा प्लास्टिकचा कागद, कडेपर्यंत पाणी. त्या कागदावर पाय ठरत नाही. ओला असला की मोठा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं. म्हणून तर त्यानं कुंपणाची जाळी आणली होती. तिचं बंडल गोठ्यात उभं होतं. कांदा काढायला आला होता. कांदा झाला की जाळी मारू, असं ठरलं होतं.

ती दुपार मी चुलीपुढून पाहिली, तेवढीच सांगते. मनकर्णा भाकरी थापत होती, कानिफनाथ शेतात होता. "रेश्मा, जा, आप्पाला जेवायला हाक मार." रेश्मा बाहेरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसली होती. थोड्या वेळानं दारातून सम्या पळत गेला. मनकर्णानं त्याला पाहिलं. तिचं तोंड उघडलं. तेवढ्यात तव्यावरच्या भाकरीचा करपल्याचा वास आला आणि ती वळली.

तळं मी पाहिलं नाही. ओरडा ऐकला. चुलीत जाळ होता तो आपोआप विझला. त्या दिवशी मला कोणी हात लावला नाही.

सुतक फिटलं त्या दिवशी गोजरबाईनं काय केलं ते ऐका. सुनेला बाजूला घेऊन म्हणाली, "आता घरात त्याचं नाव काढू नगं. कानिफ मोडंल." संध्याकाळी लेकाला म्हणाली, "त्याचं नाव काढू नगं बाबा. ती मोडंल." आणि दहा वर्षांच्या रेश्माला मांडीवर घेऊन म्हणाली, "तू शानी हायस ना? आईबापापुढं रडायचं न्हाई. त्यास्नी तरास हुतो." फोटो पेटीत गेला. दप्तर शेजारच्या रतनबाईच्या नातवाला दिलं. भोवरा कुठं गेला मला माहीत नाही.

तिनं हे मायेनं केलं. तीन माणसांना वाचवायला तिनं तीन तोंडं शिवली. माझ्या मते त्याच दिवशी त्या घरात आणखी तीन मयती झाल्या, फक्त उचलल्या नाहीत.

पहिलं वाक्य आलं महिन्याभरानं. मनकर्णा चूल पेटवत होती. माझ्यावर ओठ ठेवले आणि फुंकलंच नाही. मग म्हणाली, "तळ्याकडनं जाऊ नगं, बांधावरनं जा, आसं तोंडात आलं हुतं. भाकरी करपत हुती म्हनून मी वळले. एका भाकरीपायी." त्या दिवसापासून ती भाकरीकडं पाठ करत नाही. घराला आग लागली तरी भाकरी उलटूनच उठेल. आणि तिला वाटतं, हे नवऱ्याला कळलं तर तो तिचं तोंड बघणार नाही.

दुसरं वाक्य आलं पुढच्या श्रावणात. मायलेकी पंचमीला माहेरी गेल्या होत्या. भर दुपारी कानिफनाथ चहा करायला बसला. बाप्याला फुंकता येत नाही, गाल फुगवून नुसती राख उडवतो. दोनदा फुंकलं, मग तसाच बसला. माझ्यात म्हणाला, "जाळी घरात हुती. एका दिसाचं काम हुतं. मी म्हनलो, कांदा हुंद्या." त्याच्या दाढीचं पाणी माझ्यावरून गळून राखेत पडलं. बाहेर कोणाचा तरी पाय वाजला तसा दचकून म्हणाला, "धूर लई झालाय." त्याला वाटतं, मनकर्णाला त्या जाळीचं सगळं माहीत आहे, म्हणून ती गोठ्यात येत नाही, म्हणून ती त्याच्याकडं बघत नाही.

तिसरं रेश्माचं. अकरा वर्षांची झाली होती. आई तापानं पडली म्हणून पहिल्यांदा चूल पेटवायला बसली. पोरीनं इकडं तिकडं पाहिलं, मला हातात फिरवलं आणि एक टोक कानाला लावलं. बराच वेळ ऐकत राहिली. मग दुसऱ्या टोकाशी तोंड नेऊन म्हणाली, "सम्या, आईनं मला सांगितलं होतं. मला पुस्तक सोडायचं नव्हतं. मी तुला म्हणाले, तू जा, आलास की फोन-फोन खेळू." मग फुंकून जाळ केला. चहा करून आईला दिला. आईनं विचारलं, "डोळं का गं लाल?" पोरगी म्हणाली, "धूर."

माझ्या अंगावर काटा येऊ शकत असता तर आला असता. दहा-अकरा वर्षांची पोर, आणि धूर म्हणायला शिकली!

आता तुम्हीच सांगा. एक म्हणते मी मारलं, दुसरा म्हणतो मी मारलं, तिसरी म्हणते मी मारलं. आणि तिघांना वाटतं, बाकीचे दोघं मला माफ करणार नाहीत. एका घरात, एका ताटलीतली चटणी खाणारी माणसं. सगळं ठाऊक असलेली मी एकटी, आणि मला कोणी फुंकल्याशिवाय आवाज नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी घरात गॅस आला. सगळ्यांना आनंद झाला. रतनबाई हळदकुंकू लावायला आली शेगडीला.

"सुटलीस बाई मनकर्णे! आता डोळ्यांतनं पानी न्हाई."

"व्हय," मनकर्णा म्हणाली. "आता पानी न्हाई."

आणि खरंच नव्हतं. धूर गेला आणि त्याच्याबरोबर रडायची सोय गेली. काही दिवस ती कांद्याच्या आडून निभावत होती. रोज चार-चार कांदे चिरायची. कानिफनाथ एकदा ताटाकडं बघून म्हणाला, "भाजीत कांदा हाय का कांद्यात भाजी?" तिनं ते पण बंद केलं. मला गोठ्यात नेऊन टाकलं. कुठं? त्याच जाळीच्या बंडलाशेजारी. ते बंडल कोणी वापरलं नाही आणि कोणी फेकलंही नाही.

गोठ्याच्या भिंतीतून घर ऐकू येतं. सात वर्षं मी तिथून हे घर ऐकलं. नवरा-बायको काय बोलतात? "वीज आली का?" "मोटार चालू केली." "डबा भर." "मीठ संपलंय." भांडण नाही. एकदा तरी भांडा ना! ताट आपटा, शिव्या द्या. नाही. कानिफनाथ एकटाच ओट्यावर जेवतो. दुप्पट पाळ्या करतो. त्याला रक्तदाबाची गोळी लागली, आणि छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं म्हणून तो रात्री बाज बाहेर टाकतो. मनकर्णाच्या घशात घास अडकतो. डॉक्टर म्हणतात घसा साफ आहे.

गोजरबाई चार वर्षांपूर्वी गेली. बायका आल्या, हेल काढून रडल्या. मनकर्णा भिंतीसारखी बसली. ज्या सासूला तिनं शेवटपर्यंत हातानं भरवलं, तिच्यासाठी डोळा ओला झाला नाही. बायका जाता जाता गोठ्यापाशी थांबून बोलल्या, "बघितलं का? सासू मेली तर खडा. काळीज हाय का धोंडा?" धोंडा नव्हता गं बायांनो. दार होतं. एकासाठी लावलं, ते सगळ्यांसाठीच लागलं. दुःख अडवायला गेली आणि माया पण आतच राहिली.

रेश्मासाठी सुद्धा दार लागलेलंच. पोरीच्या पाठीवरून हात फिरवायला गेली की तिचा हात मध्येच थांबतो. पोरीला वाटतं, आईला माझी शिसारी येते. मग पोरीनं हसणं सोडलं. मैत्रिणी सोडल्या. झोपेत कराकरा दात खाते. कॉलेज अर्धं टाकून सुप्याला कंपनीत पॅकिंगला लागली. तिथं गेल्या वर्षी मशिनीपुढं चक्कर येऊन पडली. जेवण कमी, मग आणखी कमी. आता चौतीस किलो. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत वर जाते.

नगरला दवाखान्यात नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. तिथं काय झालं ते मनकर्णानं रतनबाईला गोठ्याच्या भिंतीशी उभं राहून सांगितलं, म्हणून मला कळलं.

"डाक्टरीनबाई चांगली हुती. सगळं कागद बघितलं आन म्हनली, पोटात काई न्हाई. घरात काई घडलं हुतं का?"

"मग? काय सांगितलंस?"

"मी ह्यांच्याकडं बघितलं न्हाई. ह्येंनी माझ्याकडं बघितलं न्हाई. पोरगी खाली बघत हुती. ह्ये म्हनले, न्हाई मॅडम, आमचं घर लई शांत हाय."

 रतनबाईला माहीत होतं. सगळ्या वस्तीला माहीत होतं. सगळ्यांनी ठरवून गप्प बसायचं, ह्याला आपल्याकडं समजूतदारपणा म्हणतात.

मी त्या दिवशी गोठ्यात ओरडले. ऐकू कोणाला जाणार? माझं तोंडही तोवर बुजलं होतं. कुंभारमाशीनं माझ्यात मातीचं घर केलं, एका टोकाला आणि दुसऱ्याही टोकाला. भीमानं घासलेल्या कडेवर माती. आत तीन वाक्यं आणि मेलेले कोळी.

आता आजचं सांगते.

सकाळी कानिफनाथनं भंगारवाल्याला फोन लावून बोलावलं. सगळा गोठा रिकामा करायला काढला. खरं तर त्याला एकच वस्तू घालवायची होती, ते बंडल. पोरगी अशी झाली आणि रोज धार काढताना ते समोर दिसतं. डोळ्यांआड केलं की बरं वाटेल, हाच ह्या घराचा एकमेव दवा. बंडलाबरोबर फुटकी बादली, तुटलेले तुषार सिंचनाचे पाइप, गंजलेलं विळ्याचं पातं आणि मी.

टेम्पोवाला गडी बोलका. "काका, जाळी तर नवीकोरी हाय की! वापरलीच न्हाई?"

कानिफनाथ म्हणाला, "घे म्हनलं ना. कशाला चौकशा?"

मी तुम्हाला हे सांगत होते तोवर रेश्मा ओट्यावर उन्हात बसली होती, अंगावर गोधडी. वैशाखात गोधडी! तिनं ढिगाकडं पाहिलं. मग उठली, भिंतीला धरून आली आणि मला उचललं. तिचा हात इतका हलका होता की मला आधी वारा वाटला. तिनं फुंकून पाहिलं. श्वास गेलाच नाही.

"टाक गं ती," दारातून मनकर्णा म्हणाली. "आत किडं असत्याल."

रेश्मानं टाकलं नाही. बंडलाची एक सुटी तार निघाली होती, ती वाकवून वाकवून तोडली आणि माझ्यात घातली. ज्या जाळीनं पोरगा वाचला असता तिच्या तारेनं माझं तोंड मोकळं झालं. माती पडली, वाळके कोळी पडले. मग ती ओट्यावर आईशेजारी बसली. एक टोक आईच्या कानाला लावलं.

मनकर्णा पांढरी पडली. अकरा वर्षांत तिच्या कानाला कोणी मला लावलं नव्हतं.

"हॅलो," रेश्मा म्हणाली. आवाज कसला, नुसती वाफ. "आई. त्याला मी पाठवलं होतं. तू मला सांगितलं होतंस. मी सम्याला पाठवलं."

गेलं. एक वाक्य माझ्यातून माणसाच्या कानात गेलं.

मनकर्णानं मला कानावरून ओढलं. मला वाटलं आता आपटते. तिनं तेच टोक तोंडाला लावलं आणि दुसरं पोरीच्या कानाला. मायलेकींत वीतभर अंतर नव्हतं, तरी फुंकणी लागली त्यांना! "आगं यडे," तिचा श्वास माझ्यात अडकत होता, "मी बघितलं हुतं त्याला जाताना. बांधावरनं जा म्हनायचं तोंडात हुतं. भाकरी करपत हुती. मी वळले गं. तू न्हाई. मी."

आणि मग ती ओरडली. असा हंबरडा की टेम्पोवाल्याच्या हातातली बादली पडली. अकरा वर्षांचा हेल. रतनबाई आपल्या घरातून अनवाणी धावत आली.

"आगं, काय झालं? कोन गेलं?"

"माझा सम्या गेला गं, रतनबाई! माझा सम्या गेला!"

रतनबाई मध्येच थांबली. मग काही न विचारता खाली बसली, मनकर्णाचं डोकं छातीशी घेतलं आणि तीही हेल काढून रडायला लागली. जणू ते पोरगं आत्ताच घरी आणलं होतं.

रेश्माला आधी उलटी झाली. मग तीही रडली. बरी झाली असं मी म्हणणार नाही. पुस्तकात होतं तसं एका रडण्यानं कोणी बरं होत नाही. पण आईचा हात तिच्या पाठीवर पूर्ण फिरला, मध्ये थांबला नाही. एवढं मी पाहिलं.

आणि कानिफनाथ?

तो टेम्पोपाशी उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. तोंड हललं. मला वाटलं, आता येईल. आता बोलेल. त्याचं वाक्य अजून माझ्यातच आहे हो! पण त्यानं टेम्पोतलं जाळीचं बंडल खाली ओढलं, खांद्यावर घेतलं आणि कोणाकडंही न बघता शेताकडं चालायला लागला. एकटा. अकरा वर्षांनी कुंपण घालायला निघाला का दुसऱ्या कशाला, मला माहीत नाही. छातीवर दगड घेऊन जगणारा माणूस पाण्याकडं एकटा निघाला की मला भीती वाटते. मी ओट्यावर पडून ओरडत होते, थांबवा त्याला, कोणीतरी थांबवा.

मनकर्णानं मान वर केली. तिनं त्याला जाताना पाहिलं. तेच दार. तीच वाट. तिचं तोंड उघडलं, आणि ह्या वेळी ती वळली नाही.

"आवं!" ती उठून ओरडली. "तळ्याकडनं जाऊ नगा! बांधावरनं जा! ऐकलं का? बांधावरनं जा!"

तो थांबला आहे. खांद्यावर बंडल, आमच्याकडं पाठ. अजून वळला नाही. मनकर्णा त्याच्याकडं पळत निघाली आहे. चप्पल घातली नाही. मागून रेश्मा भिंतीला धरत निघाली आहे. मला मात्र ओट्यावरच विसरल्या.

टेम्पोवाला विचारतोय, "ही फुंकनी न्यायची का ठेवायची?" त्याला उत्तर द्यायला इथं कोणी नाही.

बाबा रे, तू मला भट्टीत नेलंस तरी चालेल, माझी तक्रार नाही. पण आधी पळत जा, त्या वाटेवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात मला दे, आणि त्याला म्हण, फुंक. आणि तुम्ही जे हे वाचताय, तुमच्या घरात धूर नसेल, गॅस असेल, लाईटची शेगडी असेल. मग डोळे लाल का आहेत ते एकमेकांना विचारा, आणि कोणी धूर म्हटलं तर ऐकू नका.

तो अजून वळला नाही.

वळ, कानिफनाथ.